अनोळखी माणसाच्या मागे बसताना

महाड-पोलादपूरकडील व्यापाऱ्याला मुंबईची खरेदी एका दिवसात उरकावी लागते. पहाटे निघावे, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा, मंगळदास मार्केटात कापड पाहावे, काळबादेवीच्या पेढीवर जुने खाते चुकते करावे, अंधेरीला एखाद्या कारखानदाराची गाठ घ्यावी आणि रात्रीच्या गाडीने परतावे. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान वेळेवर उघडलेच पाहिजे. या साऱ्यात महाड ते पनवेल या टप्प्याचा कंटाळा येतो खरा, परंतु त्याचा अंदाज बांधता येतो. अंदाज कोलमडतो तो मुंबईत पाऊल ठेवल्यावर. लोकलने अर्ध्या तासात अठरा-वीस किलोमीटर येणारा माणूस स्थानकाबाहेरच्या तीन किलोमीटरसाठी पाऊण तास खोळंबतो. रिक्षाची रांग, जवळचे भाडे नाकारणारे चालक, कुठल्यातरी कामासाठी अडवलेला अर्धा रस्ता. आपल्या घरांतील चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांना विचारून पाहावे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि साडेपाचला ते अजून साकीनाक्याच्या कोंडीत असतात.

अशा वेळी सोबतचा तरुण मुलगा खिशातून फोन काढतो, दोन-तीनदा बोट फिरवतो, आणि थोड्याच वेळात हेल्मेट घातलेला एक अनोळखी इसम मोटारसायकल घेऊन समोर उभा राहतो. मागे बसायचे, आणि गाड्यांच्या रांगांमधील फटींतून वाट काढत दहा-बारा मिनिटांत मुक्कामी पोहोचायचे. हीच बाइक टॅक्सी. सीएच्या आर्टिकलशिपसाठी किंवा नोकरीसाठी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिचे आता अप्रूप राहिलेले नाही. आणि इकडे महाडला आई फोनच्या पडद्यावर सरकणारा एक ठिपका पाहत बसते. म्हणून हा विषय नुसत्या सोयीचा मानता येत नाही. घरातले माणूस कोणाच्या मागे आणि कोणाच्या भरवशावर बसते, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आधी भाव पाहू

व्यापारी माणसाने प्रथम भाव पाहावा, हे ओघानेच आले. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे. त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला रिक्षाचे १७ रुपये १४ पैसे आणि टॅक्सीचे २० रुपये ६६ पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीसाठी जो दर ठरवला, तो पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १० रुपये २७ पैसे असा आहे. आठ किलोमीटरची फेरी धरली तर रिक्षाला सुमारे १३७ रुपये पडतात आणि बाइक टॅक्सीला सुमारे ८२. दिवसात अशा तीन फेऱ्या झाल्या की दीडशेहून अधिक रुपये वाचले. पैशापेक्षा वाचलेल्या वेळेचे मोल मोठे. एक भेट अधिक होते, एखादा सौदा त्याच दिवशी पुरा होतो.

मात्र भाव स्वस्त दिसला म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच माल घ्यायचा नसतो. मस्जिद बंदर स्थानकावरून काळबादेवीला जायचे असेल तर पायांसारखे वाहन नाही. हातगाड्या, पाटीवाले आणि गठ्ठे वाहणारे हमाल यांच्यातून मोटारसायकलही पायी चालणाऱ्याच्याच गतीने सरकते. त्यातून ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली असून काळबादेवीला तिचे स्वतंत्र स्थानकच आहे. दक्षिण मुंबईत खरेदी करणाऱ्यांनी दुचाकीचा विचार मनातून काढून टाकायला हरकत नाही. बाइक टॅक्सीचा खरा उपयोग आहे तो उपनगरांत. कुर्ला स्थानक ते वांद्रे-कुर्ला संकुल, घाटकोपर ते पवई, अंधेरी ते औद्योगिक वसाहत अशा तुकड्यांत, जिथे रेल्वे संपते आणि मुक्काम तर अजून तीन-चार किलोमीटर दूर राहतो. बेस्टची बस तिथेही आहे आणि १० रुपयांच्या किमान भाड्यात आजही तिच्याइतके स्वस्त काही नाही. पण बसला कोंडीतून वाट मिळत नाही.

कायद्याने घेतलेली वळणे

या वाहनाला आपल्या राज्यात सरळ रस्ता मिळाला नाही. पुण्यात मोबाइलवरून मिळणाऱ्या दुचाकी फेऱ्या वाढल्या तेव्हा रिक्षाचालकांच्या पोटाला चिमटा बसला आणि २८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांनी शहरात बंद पुकारला. रॅपिडो कंपनीने मागितलेला परवाना पुण्याच्या परिवहन अधिकाऱ्यांनी त्याच वर्षअखेर नाकारला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने विनापरवाना सेवा थांबवण्यास सांगितले, आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला दिलासा दिला नाही. खाजगी म्हणून नोंदलेले वाहन भाड्याने प्रवासी नेऊ शकत नाही, ही मोटार वाहन कायद्यातील जुनीच रेषा त्यामागे होती.

तरीही फेऱ्या थांबल्या नाहीत. गरज होती, हात रिकामे होते आणि फोन प्रत्येकाच्या खिशात होता. अखेर १ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बाइक टॅक्सीला मान्यता दिली, परंतु ती केवळ विजेवर चालणाऱ्या दुचाकींना. त्याच वर्षी जुलैमध्ये नियम प्रसिद्ध झाले. कंपनीकडे किमान पन्नास वाहने हवीत, वाहनाला पिवळा रंग हवा, चालकाचे वय वीस ते पन्नास असावे, वेग ताशी ६० किलोमीटरच्या आत, एका फेरीत १५ किलोमीटरहून अधिक अंतर नाही, बारा वर्षांखालील मुलांना बसवायचे नाही, हेल्मेट द्यायचे. सप्टेंबरमध्ये उबर, ओला आणि रॅपिडो यांना तात्पुरते परवाने मिळाले.

याच काळातला एक प्रसंग बोलका आहे. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जुलै २०२५ च्या आरंभी आपली ओळख लपवून मंत्रालयाजवळून दादरसाठी बाइक टॅक्सी मागवली. राज्यात अशी बेकायदा सेवा सुरू नाही, असे अधिकारी सांगत होते. मंत्र्यांसमोर मात्र काही मिनिटांत दुचाकी येऊन उभी राहिली. मंत्र्यांनी त्या चालकाला पाचशे रुपये दिले आणि तुझ्यासारख्या गरिबावर कारवाई करून काही साधणार नाही, अशा आशयाचे सांगून त्यामागील कंपन्यांकडे बोट दाखवले. नियम कागदावर पिवळ्या रंगाचे होते. रस्त्यावर धावत होत्या त्या पांढऱ्या पाटीच्या पेट्रोल गाड्या. कारवाया झाल्या, गुन्हे नोंदवले गेले, आणि तरी संध्याकाळी कोणत्याही मोठ्या उपनगरी स्थानकाबाहेर उभे राहिले की पांढऱ्या पाट्याच अधिक दिसतात.

घाटातली मागची सीट

हा पेच नीट उमगायला मुंबईपेक्षा आपल्या घाटाकडे पाहिलेले बरे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा सुमारे चाळीस किलोमीटरचा आंबेनळी घाट आपणा सर्वांच्या सवयीचा. इंग्रजी अमदानीत फिट्झगेराल्ड घाट म्हणून बांधला गेलेला हा रस्ता एके काळी देशावरचा माल महाडच्या बंदराकडे उतरवत असे. आज कापडे बुद्रुक सोडून वर चढू लागले की डावी-उजवीकडे डोंगरात गेलेल्या वाड्यांचे फाटे लागतात. फाट्यावर कोणीतरी उभे असते. हातात पिशवी, कधी औषधाची पुडी, कधी शाळेचे दप्तर. एस.टी. येऊन गेलेली असते किंवा यायची असते. मोटारसायकल थांबते, "बसा", एवढाच शब्द होतो, आणि माणूस मागे बसून निघून जातो. भाडे ठरत नाही; फार तर उतरताना कोणी पेट्रोलला म्हणून दहा-वीस रुपये पुढे करतो आणि बहुधा ते परत खिशात जातात.

शहरातील मोटारसायकल टॅक्सीची ही जणू मूळ प्रतच. पण दोहोंत एक मोठा फरक आहे. कुडपणकडे जाणारा चालक कोणाचा मुलगा, कोणत्या वाडीचा, गाडी जपून चालवतो की नाही, हे मागे बसणाऱ्याला ठाऊक असते. काही बरेवाईट झाले तर त्याचे घर कुठे आहे हेही ठाऊक असते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची पत आधीच तपासलेली असते. कोणत्याही पेढीवर अनोळखी गिऱ्हाईकाला उधारी देताना आपण काय करतो? कोणाच्या ओळखीने आला हे विचारतो, जामीन कोण राहणार हे पाहतो. ओळख नसेल तर कागद लागतो. घाटात ओळख आहे, म्हणून कागदावाचून चालते. मुंबईत ओळख नाही. म्हणून परवाना, बिल्ला, विमा आणि वाहनाच्या पाटीचा रंग हे सारे जामीनदाराच्या जागी उभे राहतात. ज्या फेरीत ओळखही नाही आणि कागदही नाही, ती म्हणजे तारणावाचून दिलेली उधारी.

आणि रस्त्यावरचा धोका काय असतो हे आपल्या दोन तालुक्यांना कोणी शिकवायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने पुरात गेली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दाभिळ टोकाजवळ दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकतीसपैकी एकच जण वाचला. अशा प्रत्येक अपघातानंतर, अश्रू सुकण्याआधीच, त्या घरांसमोर एक कोरडा प्रश्न येऊन उभा राहतो. आता पुढचे कोण पाहणार?

ओळखीवर चालणारी मोटारसायकल टॅक्सी पाहायची तर गोव्यात जावे. तिथे तिला 'पायलट' म्हणतात आणि गेली कित्येक दशके ती कायदेशीर आहे. पिवळा मडगार्ड असलेली गाडी, ठरलेला थांबा, ठरलेली माणसे. पणजीच्या बसस्थानकाबाहेर किंवा म्हापशाच्या बाजारात भाजीच्या पिशवीसह पायलटमागे बसणारी वृद्ध बाई त्याला नावाने हाक मारते. बँकॉकमध्येही गल्लीच्या तोंडाशी क्रमांक छापलेली नारिंगी बंडी घातलेले चालक बसतात; बंडी हीच त्यांची सनद. युगांडा-केनियाच्या सरहद्दीवर दोन चौक्यांमधील निर्मनुष्य पट्टा ओलांडून देणारे सायकलस्वार 'बॉर्डर, बॉर्डर' असे ओरडत, त्यावरून तिकडच्या मोटारसायकल टॅक्सीला 'बोडा-बोडा' हे नाव पडले. जकार्तामध्ये तर कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या 'ओजेक' चालकांना २०१० मध्ये गोजेक या कंपनीने आधी दूरध्वनीवरून आणि २०१५ पासून मोबाइल ॲपवरून एकत्र बांधले, आणि मग हेच वारे आपल्याकडेही आले. फायदा झाला तो असा की गिऱ्हाईकाला कोपऱ्यापर्यंत जावे लागेना. तोटा असा की कोपराच नाहीसा झाला, आणि कोपऱ्याबरोबर ओळखही.

विम्याचा कागद

या विषयात सर्वांत कमी बोलले जाते ते विम्याविषयी, आणि व्यापारी कुटुंबाने सर्वांत आधी पाहावे तेही तेच. दुचाकीचा सर्वसाधारण विमा दोन प्रकारचा. एक, कायद्याने सक्तीचा तृतीय पक्ष विमा. दुसरा, अधिक हप्त्याचा सर्वसमावेशक विमा. नुसत्या सक्तीच्या विम्यात मागे बसलेल्या माणसाला संरक्षण आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केले आहे. सर्वसमावेशक विम्यात ते मिळते. पण त्या कागदावर 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक कलम असते आणि खाजगी दुचाकीच्या विम्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर त्या मर्यादेबाहेर ठेवलेला असतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाडे घेऊन धावत असताना अपघात झाला, की विमा कंपनीचा वकील प्रथम याच कलमावर बोट ठेवतो.

मग काय होते? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कधी विमा कंपनीने आधी भरपाई देऊन मालकाकडून वसूल करावी असे म्हणते, कधी तिला पूर्ण मोकळे करते आणि सारी जबाबदारी वाहनमालकावर येते. तो मालक कोण? बहुधा हप्त्यावर घेतलेली एक मोटारसायकल एवढीच ज्याची मालमत्ता, असा तरुण किंवा त्याचा भाऊ. न्यायालयाचा हुकूमनामा हाती येतो आणि वसूल काही होत नाही. ही अवस्था बुडीत खात्यांचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना अधिक फोडून सांगायला नको. २०२५ च्या राज्याच्या धोरणात चालक आणि प्रवासी यांना विमा संरक्षण देण्याची अट घातली आहे ती याचसाठी. पिवळ्या रंगामागचा अर्थ शोभेचा नाही.

आणखी एक बाजू दुकानदारांनी ध्यानात घ्यावी. मुंबईतील आपल्या गाळ्यावरचा मुनीम किंवा पोऱ्या बँकेत, गोदामात, वाहतूक कंपनीकडे अशा फेऱ्या मारतो आणि "बाइक करून जा" हे आपण सहज बोलून जातो. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाकडे येऊ शकते, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. ज्या फेरीला परवाना नाही तीवर नोकराला पाठवण्यात वाचणारे पन्नास रुपये मालकाला फार महाग पडू शकतात. नोकराच्या जिवाचा विचार तर त्याही आधी यायला हवा.

ओळखायचे कसे, हे सोपे आहे. खाजगी वाहनाची पाटी पांढरी आणि अक्षरे काळी. भाड्याच्या पेट्रोल वाहनाची पाटी पिवळी, अक्षरे काळी. विजेवर चालणाऱ्या वाहनाची पाटी हिरवी. तीवर अक्षरे पांढरी असतील तर ते खाजगी आणि अक्षरे पिवळी असतील तर ते भाड्याचे. तेव्हा महाराष्ट्रात नियमानुसार धावणाऱ्या बाइक टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असली पाहिजेत. मुलीला, सुनेला, मुलाला फोनवर ठिपका पाठवायला सांगण्याआधी एवढी एक गोष्ट पाहायला सांगावी. ठिपका गाडी कुठे आहे ते दाखवतो. गाडी कोणती आहे ते पाटी दाखवते.

बाकीच्या सूचना घरोघरी ठाऊक असतात, तरी दोन-तीन लिहून ठेवतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि दिवसभर अनेकांच्या डोक्यावरून फिरलेले हेल्मेट घालण्याची किळस वाटत असेल तर सुती टोपी किंवा रुमाल जवळ बाळगावा. किळस हे हेल्मेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपल्याकडील रीत दुचाकीवर धोक्याची आहे. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी वाहन नियमांनुसार आवश्यक असली तरी ती प्रत्येक गाडीवर असतेच असे नाही, आणि पदर चाकात जायला क्षण पुरतो. ज्येष्ठ महिलांनी रिक्षाच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुन्यांची बॅग पाठीवर जड असेल तर वळणावर तोल मागे जातो. झवेरी बाजारातून माल घेऊन निघणाऱ्याने दुचाकीचे नावही काढू नये. आणि पावसाळा! जुलैच्या पावसात खड्डा कुठे आणि रस्ता कुठे हे पाण्याखाली दिसत नाही. त्या दिवसांत वीस मिनिटे उशीर झाला तरी चालेल, असे घरच्यांनीच मुलांना आधी सांगून ठेवावे; मुले उशीर टाळण्यासाठीच धोका पत्करतात.

चहाच्या टपरीवर

घाटकोपर स्थानकाबाहेर एका टपरीवर चहा घेताना शेजारी एक तरुण उभा होता. कानात फोनची तार, हाताला दुसरे हेल्मेट अडकवलेले. बोलण्याचा हेल ओळखीचा वाटला म्हणून गाव विचारले तर पोलादपूर तालुक्याचा निघाला, कुडपणच्या बाजूचा. मी महाडचा म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. "काका, मग आपल्याकडचेच की तुम्ही!" वडील पूर्वी परळच्या गिरणीत होते, आता गावी. तो स्वतः सकाळी एका गोदामात काम करतो आणि दुपारनंतर रात्रीपर्यंत भाडी मारतो. दुचाकी चुलतभावाच्या नावावर, हप्ता हा भरतो. पाटी पांढरी.

पोलीस अडवत नाहीत का, असे विचारले. तो हसला. "अडवतात ना. मग पॅसेंजरला आधीच सांगून ठेवतो, विचारलं तर म्हणा भाचा आहे माझा. बायका असल्या तर म्हणा दीर आहे." कोणी तसे सांगायला नाकारले तर? "एकदा एक काकू म्हणाल्या, मी खोटं बोलणार नाही. बरोबर होतं त्यांचं. तिथेच उतरल्या, मी पैसे नाही घेतले." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला मात्र घाटातला फाटा आठवला. तिथे भाचा असतो म्हणून मागे बसवतो. इथे मागे बसवले म्हणून भाचा व्हावे लागते.

अपघात झाला तर विम्याचे काय, हेही विचारले. कंपनीचा काहीतरी विमा आहे असे त्याने ऐकले होते. कागद पाहिला नव्हता. गाडीचा विमा चुलतभाऊ भरतो, बहुधा साधाच असावा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले आहे, आणि त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग द्यावा अशी तरतूद केली आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि मोबाइलकडे पाहिले. भाडे आले नव्हते.

मग इलेक्ट्रिक गाडी घेऊन बिल्ला का काढत नाहीस? इथे तो जरा थांबला. वाटले, किमतीचे किंवा कर्जाचे कारण सांगेल. तेही होतेच, एक हप्ता संपल्यावाचून दुसरा उचलता येत नाही, आणि कंपनीच्या पिवळ्या गाडीवर पगारी चालक म्हणून जायचे तर गोदामाचे काम सोडावे लागेल. पण खरे कारण निराळे होते.

"काका, ही गाडी गणपतीला गावी नेतो मी. बायको मागे, पोरगं पुढे, रात्री निघालो की सकाळी पोलादपूर. ती बॅटरीची गाडी कुठवर जाणार? महाडसुद्धा गाठायची नाही. आणि पिवळी गाडी घेऊन गावात शिरलो तर आई विचारेल, ही कोणाची आणलीस?"

तेवढ्यात त्याच्या फोनने आवाज दिला. पवईचे भाडे होते. त्याने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, माझ्या चहाचेही पैसे दिले, नको म्हणत असताना दिले, आणि हाताला अडकवलेले दुसरे हेल्मेट काढून पुसत गाडीकडे गेला.